आईची पाटी

मागच्या वर्षी जुलैमध्ये मुलीला शाळेत ‘माझं कुटुंब’ असं चित्र काढायला सांगितलं होतं. ती तेव्हा पहिलीत होती, सहा वर्षांची. चित्र घरी आलं आणि मी ते कौतुकानं फ्रिजवर लावायला घेतलं. बाबा रेल्वे इंजिनाच्या खिडकीत उभा होता, कारण तो लोको पायलट आहे. आजी खाटेवर बसून लसूण सोलत होती. मधोमध मुलगी स्वतः, सगळ्यांपेक्षा मोठी. आणि कोपऱ्यात मी. मान खाली, हातात एक काळा चौकोन.

“हे काय गं माझ्या हातात?” मी उगाच विचारलं.

“मोबाईल,” ती म्हणाली. “तू पाहत राहते ना नेहमी, म्हणून.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. बाबा गाडी चालवतो, आजी लसूण सोलते, आई मोबाईल पाहते. तिनं जे दिसलं ते काढलं होतं. मला लागलं ते वेगळ्याच कारणानं. त्या काळात मी फोनवर पुस्तकं वाचत होते. सगळा वेळ पुस्तकंच, असं म्हणणं खोटं ठरेल; पण त्या चौकोनात कितीतरी वेळा चांगली कादंबरी असायची. मुलीला ते कळायचा मार्गच नव्हता. कादंबरी वाचणारी आई आणि रील्स पाहणारी आई बाहेरून सारखीच दिसते. दोघींची मान खाली, दोघींचा अंगठा काचेवर.

माझ्या आईच्या हातात पुस्तक असलं की मला लांबून कळायचं. मुखपृष्ठ दिसायचं, किती उरलंय तेही दिसायचं. पुस्तक पातळ होत आलं की आईला हाक मारायची नाही, हा घरातला अलिखित नियम होता.

त्या चित्रामुळे मी ई-रीडर घ्यायचं ठरवलं. मग कोणता घ्यावा या प्रश्नात तीन महिने गेले. त्या तीन महिन्यांत जे समजलं ते सांगते, कारण मराठी वाचणाऱ्याला पडणारे प्रश्न इंग्रजी वाचणाऱ्यापेक्षा बरेच वेगळे असतात आणि ते मला कुणी आधी सांगितले नव्हते.

आधी माझ्या दिवसाबद्दल. आम्ही गोंदियात राहतो. मी आमगावला बँकेत आहे. सकाळी साडेपाचला उठायचं, डबे करायचे, मुलीला स्कूलबसमध्ये बसवायचं आणि स्टेशनवर पळायचं. मेमूनं आमगाव जेमतेम अर्ध्या तासावर आहे. मध्ये गुदमा लागतं. बसायला जागा मिळाली तर ही पंचवीस मिनिटं माझी. संध्याकाळी परतीच्या गाडीत पुन्हा तेवढीच, पण तेव्हा अर्धा जीव घरी पोचलेला असतो. नवऱ्याच्या ड्युटीला दिवस-रात्र नसते. कॉल आला की निघायचं, मग तो रात्री दोनला येवो. त्यामुळे घराची घडी मी आणि सासूबाई मिळून सांभाळतो. रात्री मुलगी झोपली की उरलेली वीस मिनिटं. दिवसाला एकूण वाचनाचा वेळ तासभर, तोही तीन तुकड्यांत.

फोनवर या तुकड्यांचं काय व्हायचं ते तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्या पानावर असताना वरून पट्टी सरकायची: शाळेच्या ग्रुपवर उद्याच्या पांढऱ्या मोज्यांबद्दल सूचना. ती पाहायलाच हवी. ती पाहिली की खाली आणखी चौदा मेसेज. गुदमा येईपर्यंत मी कुणाच्या तरी भाच्याच्या बारशाचे फोटो पाहत असायची.

कागदी पुस्तकं का नाहीत, असं विचाराल. आहेत. पण गोंदियाच्या बाजारातल्या पुस्तकांच्या दुकानात मिळतात ती मुख्यतः पाठ्यपुस्तकं, गाईड आणि स्पर्धा परीक्षांची जाडजूड पुस्तकं. मनासारखी मराठी कादंबरी चाळून घ्यायची तर नागपूर, म्हणजे रेल्वेनं सव्वाशे-दीडशे किलोमीटर. ऑनलाइन मागवता येतं, मागवतेही. पण डबा, पाण्याची बाटली, छत्री आणि बँकेच्या किल्ल्या असलेल्या पिशवीत चारशे पानांचं पुस्तक ठेवलं तर त्याचे कोपरे आठ दिवसांत भाजीच्या रंगाचे होतात.

ऐकायची पुस्तकं हाही पर्याय होता. स्टोरीटेलवर २०१७पासून मराठी पुस्तकं आहेत आणि पोळ्या लाटताना ती फार छान सोबत करतात. पण पुन्हा तोच प्रश्न: मुलीला काय दिसतं? कानात बोळे घातलेली, हाकेला ओ न देणारी आई.

तर ई-रीडर. त्याचा पडदा फोनसारखा नसतो, हे मला ऐकून माहीत होतं. का नसतो, ते आता समजलं. फोनचा पडदा स्वतः उजेड फेकतो. ई-रीडरच्या पडद्यात अगदी बारीक कुप्या असतात आणि त्यांच्यात पांढरे आणि काळे कण. दोघांवर उलट विद्युतभार. विजेचा हलका झटका बसला की ठरावीक जागी काळे कण वर येतात, इतर जागी पांढरे, आणि अक्षर उमटतं. एकदा उमटलं की ते तसंच राहतं. वीज लागते ती पान उलटताना. म्हणून चार्जिंग आठवडे-आठवडे टिकतं. वाचायला बाहेरचा उजेड लागतो, कागदासारखाच; अंधारासाठी कडेला बारीक दिवे असतात, तेही पानावर उजेड टाकतात, डोळ्यांत नाही. या शाईवर काम करणारी ई इंक ही कंपनी १९९७मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधनातून निघाली. सोनीनं २००४मध्ये जपानमध्ये असा पहिला रीडर विकला, किंडल २००७मध्ये आलं आणि भारतात २०१२मध्ये.

हे सगळं वाचून मी खूश होते. सकाळच्या मेमूत खिडकीशी बसलं की ऊन थेट हातावर येतं, फोनवर काही दिसत नाही. इथे ऊन जितकं जास्त, तितकं अक्षर स्पष्ट. मेमूसाठीच बनवल्यासारखं यंत्र.

मग मी यादी केली. पुढच्या वर्षभरात वाचायची वीस मराठी पुस्तकं लिहून काढली आणि प्रत्येक कुठे मिळतं ते शोधलं. ई-रीडर घ्यायचा विचार असेल तर यंत्राच्या आधी हे करा. पडदा किती इंची, मेमरी किती, हे सगळं नंतर.

माझी वीस पुस्तकं चार ढिगांत पडली. काही किंडलच्या दुकानात होती. तिथे मराठी पुस्तकं अधिकृतपणे आली ती डिसेंबर २०१६मध्ये, हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमसोबत. काही बुकगंगावर ई-बुक म्हणून होती, पण ती वाचायला त्यांचंच ॲप लागतं. काही फुकट आणि कायदेशीर होती: ई साहित्य प्रतिष्ठानची, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची, विकिस्रोतावरची. आणि उरलेली फक्त कागदावर. चौथा ढीग सगळ्यांत मोठा निघाला. माझ्या पिढीनं ज्यांचं नाव घेत मोठं व्हावं अशा कितीतरी लेखकांची पुस्तकं त्यात होती.

इथे खरा पेच आला. ई-रीडर दोन जातींचे असतात. एक साधे, ज्यांच्यात पुस्तकांखेरीज काही चालत नाही. मी पाहिले तेव्हा ते दहा-बारा हजारांत येत होते. दुसरे अँड्रॉइडवर चालणारे, ज्यांच्यात कुठलंही ॲप टाकता येतं. ते बरेच महाग, पण माझे पहिले तिन्ही ढीग त्यांच्यावर वाचता आले असते. मराठी वाचकासाठी सोयीचं यंत्र कुठलं, याचं उत्तर उघड होतं.

नवरा म्हणाला, “मग मोठंच घे. पैशाचं पाहू.”

मी जवळजवळ घेतलंच होतं. पैसे भरायच्या पानावर असताना मनात आलं, ज्यावर कुठलंही ॲप चालतं त्यावर व्हॉट्सॲपही चालतं. मी टाकणार नाही, असं आज म्हणेन. पण शाळेच्या ग्रुपवर काही तातडीचं आलं तर, म्हणून एका रविवारी टाकेन. मला मी माहीत आहे. मग माझ्या हातात पुन्हा तोच चौकोन, फक्त राखाडी रंगाचा.

म्हणजे ज्या यंत्रावर मराठी जास्त, त्यावर फोनही मागच्या दारानं येणार. ज्यावर शांतता, त्यावर मराठी कमी. हा पेच इंग्रजी वाचणाऱ्यांना पडत नाही. त्यांची बहुतेक पुस्तकं साध्या यंत्रावरही असतात.

मी साधं घेतलं. सहा इंची, दहा हजारांचं. आपला निर्णय बरोबरच होता असं मी ठासून सांगणार नाही. तुमचं स्वतःवर माझ्यापेक्षा जास्त नियंत्रण असेल तर दुसरं घ्या, मराठी पुस्तकं जास्त मिळतील.

पार्सल आलं तेव्हा सासूबाई अंगणात होत्या. त्यांनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. राखाडी पडदा, काळी चौकट.

“हे तं पाटी होय वो,” त्या म्हणाल्या. “दहा हजाराची पाटी घेतली?”

तेव्हापासून घरात त्याचं नाव पाटीच पडलं.

पहिला आठवडा वाईट गेला. फुकट मिळालेली पीडीएफ पुस्तकं उत्साहानं भरून घेतली होती. उघडली, तर पानावर मुंग्या. पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो, विशेषतः जुनी पुस्तकं स्कॅन करून केलेली असतात तेव्हा. मोठं पान सहा इंचांत कोंबलं की अक्षर तेवढंच लहान होतं आणि ते मोठं करता येत नाही. पूर्ण पान मोठं करून डावी-उजवीकडे सरकवत बसावं लागतं. मग मी पीडीएफचं रूपांतर करून पाहिलं. त्यात वेलांट्या शेजारच्या अक्षराला जाऊन चिकटल्या, जोडाक्षरं फुटली. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं एक पुस्तक तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिवडा होऊन आलं. मेमूत बसून मी त्या चिवड्याकडे पाहत होते आणि मुलीच्या स्कूलबसच्या फीचा हिशोब डोक्यात चालू होता.

उपाय सापडला तो साधाच आहे: ईपब फाइल शोधायची. ईपबमध्ये मजकूर फोटोसारखा गोठलेला नसतो, पडद्याच्या मापानं वाहतो, आणि अक्षर हवं तेवढं मोठं होतं. किंडलवरही २०२२पासून ईपब फाइल ईमेलनं पाठवता येते. मराठी विकिस्रोतावरची पुस्तकं ईपब करून उतरवता येतात. तिथे साने गुरुजींसारख्यांचं लेखन आहे, कारण आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी पुस्तक सगळ्यांचं होतं. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, म्हणून २०११पासून त्यांचं लेखन मुक्त आहे.

‘श्यामची आई’ मी असंच घेतलं. १९३५चं पुस्तक, लहानपणी रडत वाचलेलं. आता स्वतः आई झाल्यावर ते कसं वाटतं, पाहावं म्हटलं.

एका रात्री मी ते वाचत होते आणि मुलगी झोपायचं सोडून जवळ येऊन बसली. तिच्या वाचनाबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या घराबाहेर बाजारात हिंदी चालते. बालाघाट आणि छत्तीसगड दोन्ही जवळ. आजूबाजूच्या गावांत पोवारी, गोंडी. सासूबाईंची झाडीबोली. शाळा इंग्रजी माध्यमाची. २०२०च्या कायद्यानं मराठी विषय सगळ्या शाळांत सक्तीचा आहे, म्हणून तिच्या दप्तरात मराठीचं एक पुस्तक आहे. ती मराठी घडाघडा बोलते. पण मराठी वाचायची गरज तिला दिवसभरात कुठेच पडत नाही. ही गरज कुठून येणार असेल तर ती माझ्याकडूनच येणार, हे मला कळत होतं आणि त्या चित्रातल्या काळ्या चौकोनानं ते फार जवळून दाखवलं होतं.

“काय लिहिलंय?” तिनं विचारलं.

मी अक्षर मोठं केलं. आणखी मोठं केलं. शेवटच्या मापाला एका पानावर जेमतेम चार-पाच ओळी उरल्या, पाठ्यपुस्तकातल्या धड्यापेक्षा ठळक. ती बोट ठेवून शोधू लागली आणि तिला एक ओळखीचा शब्द सापडला. आई. मग पुढच्या पानावर आणखी एक. तिनं खेळच केला: या पानावर किती आई? बोट लागलं की पान उलटायचं, ती ओरडायची, मी मागे आणायची. एकदा शब्दावर बोट दाबून राहिलं आणि तो पिवळ्याऐवजी राखाडी रंगानं अधोरेखित झाला. त्या पुस्तकात माझी एकही खूण नाही, तिच्या मात्र अकरा आहेत.

वाक्यं तिला झेपत नव्हती, झेपायची गरजही नव्हती. महिनाभर ‘आई’ मोजल्यावर ती इतर शब्द वाचू लागली. एका संध्याकाळी तिनं ‘डोळे’ वाचलं. सासूबाई शेजारी होत्या.

“डोरे,” त्या म्हणाल्या.

“आजी, डोळे. ळ आहे.”

“मी तं डोरेच म्हंतो. माह्या मायनं तसंच शिकवलं.”

मुलगी माझ्याकडे पाहू लागली, निकाल लावायला. मी म्हटलं, पाटीवर डोळे, आजीकडे डोरे, दोन्ही बरोबर. तिला ते पटलं नाही, पण सासूबाईंनी पाटी स्वतःकडे ओढून घेतली. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, बारीक टाइप वाचायचं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. त्या मापातलं अक्षर त्यांना चष्म्याशिवाय दिसलं. त्यांनी दीड पान वाचलं, ओठ हलवत, आणि मग कुकरची शिट्टी झाली म्हणून उठल्या. अजून त्या अधूनमधून मागतात. पुस्तक पूर्ण करतील असं वाटत नाही. पण मुलीनं आजीला वाचताना पाहिलं, हे त्या दिवशी पहिल्यांदाच घडलं.

आता एक उणी बाजू. माझ्याकडे वडिलांची पुस्तकं आहेत. पहिल्या पानावर त्यांची सही, तारीख, गाव. ती उद्या मुलीला देता येतील. ई-बुक तसं देता येत नाही. दुकानातून घेतलेलं ई-बुक म्हणजे वाचायची परवानगी असते, मालकी नसते. जुलै २००९मध्ये ॲमेझॉननं अमेरिकेतल्या वाचकांच्या किंडलवरून एक पुस्तक परत काढून घेतलं होतं, विक्रेत्याकडे त्याचे हक्क नव्हते म्हणून. ते पुस्तक नेमकं ऑर्वेलचं ‘१९८४’ होतं. पैसे परत मिळाले, कंपनीच्या प्रमुखांनी माफीही मागितली. पण कागदी पुस्तक विकणारा रात्री घरात येऊन कपाटातून ते उचलून नेऊ शकत नाही.

म्हणून मी एक नियम केलाय. मुलीच्या हाती पडावं असं वाटणारं पुस्तक कागदावर घ्यायचं, नागपूरला जावं लागलं तरी. गाडीत वाचून संपवायचं पुस्तक पाटीवर. वर्षभरात पाटीवर माझी नऊ पुस्तकं पूर्ण झाली. त्याआधीच्या वर्षात दोन झाली होती.

तुम्ही घेणार असाल तर एवढंच सांगेन. आधी पुस्तकांची यादी करा, मग यंत्र पाहा. ईपब उघडतं का आणि मराठी जोडाक्षरं नीट दिसतात का, हे कुणाच्या तरी यंत्रावर प्रत्यक्ष पाहून घ्या. पीडीएफच वाचायच्या असतील तर सहा इंची घेऊ नका, मोठा पडदा लागेल. आणि घरात वाचायला शिकणारं कुणी असेल, किंवा वाचणं सुटलेलं कुणी असेल, तर अक्षर जास्तीत जास्त किती मोठं होतं ते आधी विचारा.

पाटीला मुखपृष्ठ नाही, ही माझी तक्रार अजून आहे. मी काय वाचतेय ते मुलीला लांबून कळत नाही, तिला येऊन विचारावं लागतं. ती विचारते. कधीकधी मी सांगते आणि ती “हं” म्हणून निघून जाते. फोनच्या वेळी तिनं कधी विचारलं नव्हतं.

यंदा जुलैमध्ये शाळेनं कुटुंबाचं चित्र काढायला सांगितलंच नाही. यंदा विषय होता ‘आपल्या जिल्ह्यातला पक्षी’. तिनं धानाच्या बांधीत उभी सारसाची जोडी काढली, लाल डोक्यांची, पाय इतके लांब की पान कमी पडलं. त्यामुळे माझं चित्र सुधारलं की नाही, ते मला माहीत नाही. फ्रिजवर जुनं चित्र अजून आहे. त्याच्या शेजारी आता सारस लावलेत.